‘अनलिमिटेड’ पॅकचं नेट दुपारीच संपतं? तपासणी कुठून सुरू करायची आणि पॅक कधी बदलायचा

दुपारी दोन-अडीच झाले की दुकानात येणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “काका, नेट चालू दिसतंय, पण काहीच उघडत नाही.” पॅक अनलिमिटेड, मुदत अजून पंधरा दिवस शिल्लक, रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. बहुतेकांनी येण्याआधी दोन चुकाही केलेल्या असतात. घाईघाईत एक बूस्टर, म्हणजे जादा डेटाचा छोटा रिचार्ज, मारलेला असतो, आणि वेग बघायचा म्हणून स्पीड टेस्ट लावून त्या बूस्टरमधलाच डेटा उडवलेला असतो.

रिचार्ज आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे, आणि लोकांचे पैसे या एकाच घोळात जाताना मी वर्षानुवर्षं बघतो आहे. म्हणून हे टप्पे क्रमाने लिहिले आहेत. क्रम मोडू नका. पॅक बदलणं सातव्या टप्प्यावर आहे, ते जाणूनबुजून.

तयारी: हाताशी काय हवं

कंपनीचं स्वतःचं ॲप फोनमध्ये घ्या आणि त्यात ज्या सिमचं नेट चालतं तोच नंबर जोडला आहे ना, ते बघा. घरात चार नंबर एकाच ॲपमध्ये असतील तर आईच्या नंबरचा शिल्लक डेटा बघून स्वतःचा समजणारे पुष्कळ आहेत. ॲप नसेल तर एअरटेलवर *१२१# लावून माहिती मिळते, जिओवर १२९९ ला फोन केला की शिल्लक एसएमएसने येते. शेवटच्या रिचार्जचा एसएमएस शोधून ठेवा आणि एक कागद घ्या. पहिल्या टप्प्यापासूनच तो लागणार आहे.

१. ‘अनलिमिटेड’ या शब्दाच्या शेजारचं वाचा

आपल्याकडच्या प्रीपेड पॅकमध्ये अमर्याद असतात ते कॉल. डेटाला रोजची मर्यादा असते: १ जीबी, १.५ जीबी, २ जीबी, ३ जीबी. ती संपल्यावर नेट बंद पडत नाही, वेग पाडला जातो. जिओ आणि एअरटेलच्या रोजच्या डेटाच्या पॅकमध्ये तो बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. नेट तांत्रिकदृष्ट्या चालूच राहतं आणि पॅकवर ‘अनलिमिटेड’ छापता येतं, ते याच आधारावर.

६४ केबीपीएस म्हणजे किती, हे कागदावर मांडून बघा. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ केबी. १ एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. फोनने काढलेला ३ एमबीचा साधा फोटो पाठवायला सहा-साडेसहा मिनिटं, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. व्हॉट्सॲपचा लिखित निरोप जातो, बाकी जवळजवळ काही होत नाही.

ॲपमध्ये आपल्या पॅकच्या नावावर टिचकी मारून पूर्ण तपशील उघडा आणि पाच गोष्टी कागदावर उतरवा:

रोजचा डेटा किती. मर्यादेनंतर वेग किती, की थेट प्रति एमबी पैसे कापले जाणार. डेटा रोजचा आहे की अख्ख्या मुदतीसाठी एकगठ्ठा. ५जी अमर्याद आहे का. मुदत २८ दिवस, ३० दिवस की आणखी काही.

सावधान: एकगठ्ठा डेटाच्या पॅकमध्ये, आणि पोस्टपेडमध्येही, मर्यादेनंतरचा नियम वेगळा असू शकतो. वेग कमी न होता पैसे कापले जात असतील तर ती मर्यादा ओलांडण्याआधी मोबाईल डेटा बंद करणं हाच उपाय.

२. डेटा संपलाय, की रेंजच कमजोर आहे?

दोन्हींत स्क्रीनवर दिसतं ते सारखंच. गोल फिरत राहतं. पण उपाय पूर्ण वेगळे, म्हणून इथे पाच मिनिटं द्या.

आधी ॲपमध्ये आजचा शिल्लक डेटा बघा. शून्य असेल तर प्रश्न मिटला, वेग पाडलेला आहे. शिल्लक असूनही नेट रांगत असेल तर दहा सेकंद विमान मोड लावून काढा. तरीही तसंच असेल तर घराबाहेर किंवा गच्चीवर जाऊन बघा. बाहेर चालतं आणि आत नाही, तर भिंतींचा प्रश्न. संध्याकाळी सात ते अकरा सगळ्यांचंच रांगतं आणि पहाटे सुसाट असतं, तर टॉवरवर गर्दी आहे. या दोन्हींवर बूस्टर मारून काडीचाही फरक पडत नाही.

स्पीड टेस्ट या टप्प्यावर लावू नका. चांगल्या ५जीवर ४०० एमबीपीएसचा वेग दहा सेकंद चालला की ५०० एमबी गेले. ४जीवर आकडा लहान असतो, पण तिथे प्रत्येक एमबी तुमच्या मर्यादेतून जातो. आणि मर्यादा संपल्यावर केलेली टेस्ट फक्त पाडलेला वेग दाखवते. तिच्या जोरावर तक्रार टिकत नाही.

पडताळणी: ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या २०१६च्या नियमानुसार डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला गेला की कंपनीने ग्राहकाला कळवायचं असतं. हे एसएमएस येतात, पण कर्जाच्या आणि ऑफरच्या मेसेजांखाली गाडले जातात. आजचा ९० टक्क्यांचा एसएमएस किती वाजता आला ते शोधा आणि वेळ कागदावर लिहा.

नेट पाडलेलं असताना यूपीआयचं पेमेंट अडकलं तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आधी बँकेत पैसे कापले गेले का ते बघा. *९९# लावून नेटशिवायही यूपीआय चालतं. बँकेतल्या नोंदीचा नंबर हाच असेल तर त्याची नोंदणी आजच करून ठेवा.

३. अमर्याद ५जी आहे, तरी डेटा कापला जातो, तो का

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरतं ठेवलं. पॅक वरचेवर बदलतात, म्हणून दुकानदार, शेजारी किंवा मी काय म्हणतो यापेक्षा ॲपमध्ये तुमच्या पॅकखाली काय लिहिलंय तेच खरं माना. १.५ जीबीचा पॅक, हातात ५जी फोन आणि वर ५जीची खूण, म्हणून सगळं फुकट चाललंय असं समजणारे रोज भेटतात.

पात्र पॅक असला तरी अमर्याद असतं ते फोन ५जीवर असेपर्यंतच. फोन ४जीवर उतरला की त्या क्षणापासूनचा वापर रोजच्या मर्यादेतून कापला जातो. जाड भिंतींचं घर, तळमजला, लिफ्ट, एसटीचा प्रवास, गाव सोडून वाडीकडे वळलेला रस्ता, अशा ठिकाणी फोन गुपचूप ४जीवर जातो. तुम्ही व्हिडिओ बघतच राहता आणि २ जीबी तासाभरात संपतात. उलटही खरं आहे. रोजची मर्यादा संपली तरी पात्र पॅकवर ५जीच्या टप्प्यात गेलात की वेग परत मिळतो. खिडकीजवळ जाऊन बूस्टरचे पैसे वाचलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तपासा. सिमच्या सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ५जी किंवा ‘५जी ऑटो’ वर आहे का? बॅटरी सेव्हर चालू आहे का? काही फोनमध्ये तो चालू केला की ५जी बंद होतं, आयफोनच्या लो पॉवर मोडमध्येही ५जी बऱ्याच अंशी थांबतं. बॅटरी वाचवायला बटण दाबलेलं असतं आणि डेटा का संपला याचा शोध भलतीकडेच सुरू असतो.

दोन सिम असतील तर ‘ऑटो डेटा स्विचिंग’ बंद करा. नाहीतर पहिल्या सिमची रेंज कमी झाली की फोन आपणहून दुसऱ्या सिमचा डेटा वापरायला लागतो. ते बहुधा आईवडिलांना ओटीपीसाठी ठेवलेलं छोट्या पॅकचं सिम असतं.

४. एक पूर्ण दिवस मोजा

इथवर काही बदललं नसेल तर आता कागद घ्या. एक नेहमीचा दिवस निवडा, सुट्टीचा नको. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवताना, संध्याकाळी सहाला आणि झोपताना ॲपमधला शिल्लक डेटा लिहा. वापर बदलू नका, बदललात तर मोजण्याला अर्थ राहत नाही.

मग फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय वापर उघडा. अँड्रॉइडवर नेटवर्क, सिम आणि डेटा वापर अशा वाटेने जाता येतं, कंपनीप्रमाणे नावं थोडी वेगळी. काळ ‘आज’ असा निवडता येत असेल तर निवडा. आयफोनवर मोबाईल डेटाच्या पानावर ‘करंट पीरियड’ दिसतो, तो स्वतःहून शून्य होत नाही. दोन वर्षांचा आकडा बघून घाबरलेले लोक येतात. सगळ्यात खाली ‘रीसेट स्टॅटिस्टिक्स’ आहे, ते मोजायच्या दिवशी सकाळी दाबा.

फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळत नाही, थोडा फरक राहतोच. कापलं जातं ते कंपनीच्या मोजणीने.

एका गृहस्थांचा कागद मला आठवतो. सकाळी आठला पहिला आकडा लिहिला, तेव्हाच दीड जीबीतले साडेपाचशे एमबी शिल्लक होते. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपले होते, कुणी हातही लावला नव्हता. ॲपच्या यादीत वरती गुगल फोटोज. पुतणीच्या हळदीचे चाळीसेक व्हिडिओ बाराच्या ठोक्याला नवीन डेटा मिळताच वर चढायला लागले होते. तीन दिवस ते कंपनीला दोष देत होते. एक बटण बंद करून काम झालं.

५. गळती बंद करा, मोठ्या भोकापासून

यादीत पहिल्या तीनात असलेलीच ॲप हाताळा. सगळ्या सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

व्हॉट्सॲप: सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे मोबाईल डेटावर आपोआप उतरणारे फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रं या चारही खुणा काढा. फॅमिली ग्रुपमधला सुप्रभातचा व्हिडिओ हवा असेल तर दाबून उतरवता येतो.

गुगल फोटोज: बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटाचा वापर बंद करा. आयफोनवर हेच आयक्लाउड फोटोजसाठी करा.

व्हिडिओ: खरा डेटा इथे जातो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हिशोबाने साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला ३ जीबीपर्यंत लागतो. दीड जीबीच्या पॅकवर एचडी म्हणजे अर्धा तास. यूट्यूबमध्ये ‘व्हिडिओ क्वालिटी प्रेफरन्सेस’ उघडून मोबाईल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा. एखाद्या व्हिडिओवर ४८०पी निवडलं की पुढच्याला तेच राहील असं समजू नका. सहा इंचांच्या स्क्रीनवर बातम्या किंवा कीर्तन ४८०पीवर उत्तम दिसतं. इन्स्टाग्राममध्येही डेटा सेव्हर आहे. रील एकामागून एक आधीच उतरत राहतात, न पाहिलेल्यांचाही डेटा जातो.

प्ले स्टोअर: ॲप अपडेट फक्त वायफायवर.

आयफोन: ‘वायफाय असिस्ट’ बंद करा. हे मोबाईल डेटाच्या पानावर तळाशी असतं आणि मुळातच चालू येतं. घरचं वायफाय जरा मंदावलं की फोन न सांगता मोबाईल डेटा ओढतो.

पडताळणी: दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चार वेळांना आकडे लिहा. ९० टक्क्यांचा एसएमएस कालच्यापेक्षा किती उशिरा आला ते बघा. दुपारऐवजी रात्री आला असेल तर पुढचे टप्पे कदाचित लागणारही नाहीत.

६. हॉटस्पॉट लावण्याआधी

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतली बारावीची एक मुलगी रात्री सव्वाअकराला वडिलांबरोबर धावत आली. सीईटीचा अर्ज, शेवटचा दिवस, लॅपटॉप वडिलांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. फोटो आणि सही अपलोड होत नव्हती, प्रत्येक वेळी पान वेळ संपल्याचं सांगून पहिल्यापासून सुरू. हात थरथरत होते तिचे. वडिलांनी तोवर एक बूस्टरही मारला होता, तोही संपला. फोनची यादी उघडली तर ‘हॉटस्पॉट’समोर दोन जीबीच्या वर आकडा. लॅपटॉप महिन्याभराने उघडला होता आणि विंडोजचा अपडेट मागे चालू झाला होता. त्याला कसं कळणार की हे घरचं ब्रॉडबँड नाही, रोज दीड जीबीचं सिम आहे. आम्ही लॅपटॉप हॉटस्पॉटवरून काढला, दुकानाच्या वायफायवर जोडला. अकरा चाळीसला अर्ज जमा झाला.

म्हणून लॅपटॉप जोडताच, ब्राउझर उघडण्याआधी, हे करा. विंडोजमध्ये वायफायच्या यादीत आपल्या फोनच्या नावाचे गुणधर्म उघडून ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे मोजूनमापून मिळणारं नेट) चालू करा. एकदा केलं की त्या नावापुरतं ते लक्षात राहतं. फोनच्या हॉटस्पॉटचं नाव बदललंत तर पुन्हा करावं लागेल. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स असं काही असेल तर त्याचं सिंक थांबवा. मॅकवर त्याच जागी ‘लो डेटा मोड’ आहे. आणि काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. पासवर्ड घरातल्या मुलांना माहीत असेल तर बदला.

परीक्षेचा अर्ज, ऑनलाइन मुलाखत, सरकारी पोर्टल अशी कामं सकाळी करा, त्या दिवशीचा डेटा शाबूत असतो.

७. आता टॉप-अप, किंवा पॅक बदल

टॉप-अप, म्हणजे तोच बूस्टर, घेताना मुदत बघा, जीबी नंतर. काही डेटा पॅक तासाभराचे असतात, काही त्याच दिवसाचे, काही मूळ पॅकची मुदत असेपर्यंत चालणारे. रात्री साडेअकराला त्या दिवसापुरता पॅक मारणं म्हणजे अर्ध्या तासासाठी पैसे मोजणं, कारण रोजचा डेटा साधारण मध्यरात्री पुन्हा भरतो. बारा वाजून गेले तरी वेग आला नाही तर विमान मोड लावून काढा. त्यावर बहुतेकदा येतो.

दुसरी चूक, मूळ पॅकची मुदत संपलेली असताना फक्त डेटाचा टॉप-अप मारणं. बरेचसे टॉप-अप मूळ पॅक चालू असेल तरच चालतात.

आता पॅक. चौथ्या टप्प्यासारखे आठवडाभराचे रोजचे आकडे असतील तर उत्तर कागदावरच आहे. समजा, सोमवार ते शनिवार तुम्ही रोज अर्धा जीबी वापरता आणि रविवारी ४ जीबी. आठवड्याचे झाले ७. दीड जीबीच्या पॅकमध्ये आठवड्याला साडेदहा मिळतात, म्हणजे डेटा भरपूर आहे. तरी रविवारी तुमचं नेट दुपारीच मान टाकणार, कारण आदल्या सहा दिवसांचा उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. अशा माणसाने २ जीबीचा पॅक घेऊन काही साधत नाही. त्याला एकगठ्ठा डेटाचा पॅक किंवा उरलेला डेटा शनिवार-रविवारी देणारा पॅक लागतो. व्हीच्या (व्होडाफोन-आयडियाच्या) काही पॅकमध्ये अशी सोय आहे.

उलट, रोजच सारखा दोन जीबीच्या आसपास लागत असेल आणि घर-कामाची जागा दोन्ही ५जीच्या टप्प्यात असतील, तर ५जी पात्र पॅक सरळ घ्यावा. घरात ५जी येत नसेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका, आधी आठवडाभर फोनच्या खुणेकडे लक्ष ठेवा.

मुदतीचा हिशोब: २८ दिवसांच्या पॅकने वर्षाला १३ रिचार्ज होतात, १२ नाही. दोन पॅकची तुलना महिन्याच्या किमतीवर करू नका, किमतीला दिवसांनी भागा. ट्रायच्या २०२२च्या आदेशानंतर प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवावाच लागतो. जाहिरातीत ते वर नसतात, यादीत खाली शोधा. आणि ज्या सिमवर नेट लागतच नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांचं साध्या फोनातलं, त्यासाठी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक मागा. डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीनंतर तोही द्यावा लागतो.

८. तरीही डेटा चुकीचा कापला जात असेल

तक्रार करायची ती आकडे घेऊनच. ॲपमधल्या शिल्लक डेटाचे वेळेसकट स्क्रीनशॉट, फोनच्या यादीचे स्क्रीनशॉट, ९० आणि १०० टक्क्यांचे एसएमएस, पॅकच्या अटींचं पान. “माझं नेट लवकर संपतं” अशी तक्रार दोन मिनिटांत बंद होते. “अमुक तारखेला सकाळी दहा ते साडेदहा फोन विमान मोडवर असताना इतके एमबी कापले” अशी तक्रार बंद करणं सोपं नसतं.

१९८ वर फोन करा. तक्रार नोंदली की क्रमांक मिळतो, एसएमएसनेही येतो. तो जपा. वडिलांच्या नंबरसाठी मी एका कंपनीशी महिनाभर बोलत राहिलो. प्रत्येक वेळी नव्या माणसाने नव्याने ऐकून घेतलं, आणि मी पहिला क्रमांक लिहूनच ठेवला नव्हता. अपील करायला गेलो तेव्हा दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्रायकडे थेट वैयक्तिक तक्रार पाठवू नका. ट्राय ती सोडवत नाही, कंपनीकडेच पुढे ढकलते, आणि तुमचे ३० दिवस मात्र सरत राहतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे: टेलिकॉम सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये दिला आहे.

नंबर पोर्ट करायचा ठरवलात तर आधी अपील संपवा, मगच १९०० वर एसएमएस करा. आणि नवी कंपनी निवडण्याआधी तिचं एखादं सिम शेजाऱ्याकडून मागून आपल्या घरात, आपल्या नेहमीच्या खोलीत, संध्याकाळी आठला लावून बघा.